तयार हाय-फॅट खाद्य: फॅटी लिव्हरला चांगलं, कॅन्सरच्या नावानं घेऊ नका

नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात मी फार्माकॉलॉजी शिकवतो, आणि अ‍ॅनिमल हाऊसचा कारभारही माझ्याच गळ्यात आहे. दरवर्षी एम.फार्म.ची लेकरं सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, घेऊन येतात. त्यात एखाद्याला तरी भुईआवळा, पुनर्नवा नाहीतर कुटकी लिव्हरवर तपासायची असतेच. पूर्वी लिव्हर म्हटलं की पॅरासिटामॉलचा मोठा डोस द्यायचा, तुलनेला सिलिमारिन हे लिव्हरचं नेहमीचं औषध ठेवायचं, रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हर किती बिघडली त्याचा आकडा, काढायचं, झालं. आता सगळ्यांना फॅटी लिव्हर पाहिजे. साहजिक आहे म्हणा. सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहून आलेला माणूस आता घरोघरी आहे, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारनंही हा आजार मधुमेह, रक्तदाब, कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

मग रॅटला नाहीतर माउसला फॅटी लिव्हर करायचं कशानं? मी इथं लिहितोय ते बाजारात तयार मिळणाऱ्या हाय-फॅट पेलेटबद्दल, म्हणजे ६० टक्के कॅलरी चरबीतून देणाऱ्या खाद्याबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत. आणि खरं सांगायचं तर या फॉर्म्युल्यावर चालणारं कुठलंही खाद्य घेतलं तरी माझं म्हणणं बदलणार नाही. जाता जाता घरगुती मिश्रण, कोलीन (एक पोषक घटक) नसलेलं खाद्य, कार्बन टेट्राक्लोराइड आणि डीईएन ही लिव्हर बिघडवणारी रसायनं, प्रयोगशाळेत वाढवतात त्या हेप-जी२ पेशी यांबद्दलही लिहितो, कारण गाइड लोकांचा फोन येतो तेव्हा ते हे सगळं एका दमात विचारतात.

आधी माल. पेलेट निळसर येतो. या खाद्यांना ओळखू यावीत म्हणून रंग घालतात, आणि ते फार सोयीचं आहे; कुठल्या पिंजऱ्यात काय चाललंय ते दारातूनच कळतं. हातात घेतला की पेलेट कुंथलगिरीच्या पेढ्यासारखा दबतो आणि ग्लोव्हवर चरबीचा थर राहतो. चरबी बहुतेक डुकराची, म्हणजे लार्ड, आणि थोडं सोयाबीन तेल. प्रथिनं केसीनची, म्हणजे दुधातली. सोबत घटकांचा कागद येतो: चरबी ६०, प्रथिनं २०, कर्बोदकं २० टक्के, हे सगळं कॅलरीच्या हिशेबानं. हा कागद म्हणजे अर्धी किंमत वसूल, असं मी म्हणतो. का, ते सांगतो.

कॅलरीच्या हिशेबानं ६० टक्के म्हणजे वजनानं साधारण ३५ टक्के. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रथिनं आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला ४, त्यामुळं असं होतं. आमच्याकडं लेकरं काय करतात? पेपरात ६० टक्के वाचतात आणि साध्या खाद्याच्या भुकटीत वजनानं साठ टक्के वनस्पती तूप कालवतात. मग त्या खाद्यातली प्रथिनं, जीवनसत्त्वं, कोलीन सगळंच निम्म्याच्या खाली जातं. असा रॅट आजारी पडतो तो चरबीनं की उपासमारीनं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कोलीन कमी पडलं तरी लिव्हरमध्ये चरबी साठते, म्हणजे रिझल्ट तर छान दिसतो, पण तो भलत्याच कारणाचा असतो.

घरगुती मिश्रणाला माझा सरसकट विरोध नाही. जुन्या भारतीय पेपरांत एक कृती सारखी सापडते: वनस्पती तूप आणि खोबऱ्याचं तेल ३ ला १, रोज मोजून तोंडावाटे. स्वस्त आहे, डोस हातात राहतो, आणि रॅटच्या रक्तातली चरबी त्यानं वाढते यात वाद नाही. माझी अडचण वेगळी आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आणली. म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पेपरातलं वनस्पती तूप आणि आज वजिराबादेतल्या दुकानातून आणलेलं वनस्पती तूप हा एक पदार्थ राहिलेला नाही. ट्रान्स फॅट लिव्हरला चांगलंच बाधतं. त्यामुळं 'सर, पेपरात झालं, आपल्याकडं का नाही झालं?' हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि उत्तर तुपाच्या डब्यात असतं. अमेरिकेतही हाच घोळ झाला. तिथं एएमएलएन नावाचं खाद्य प्रसिद्ध होतं, ट्रान्स फॅटचं शॉर्टनिंग, फ्रुक्टोज आणि २ टक्के कोलेस्टेरॉल घातलेलं. ट्रान्स फॅटवर बंदी आली आणि त्यांना पाम तेल घालून नव्यानं खाद्य बांधावं लागलं. त्याला आता गॅन खाद्य म्हणतात. त्यांनी निदान नाव तरी बदललं. आपण डबा बदलला तरी संदर्भ जुनाच लिहितो.

दुसरी गोष्ट पेंडीची. घरी खाद्य बनवताना कुणी शेंगदाण्याची पेंड घालतं, कुणी मका. पावसाळ्यात आपल्या भागातला मका आणि भुईमूग ओला राहिला की बुरशी धरतो, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हरवरच जातं. माणसात लिव्हर कॅन्सरचं ते सिद्ध झालेलं कारण आहे. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ होऊन शंभराच्या वर माणसं गेली होती. रॅट या विषाला फार हळवा. पूर्ण वाढ झालेला माउस मात्र ते बऱ्यापैकी पचवतो, कारण त्याच्या लिव्हरमध्ये ते निकामी करणारं एन्झाइम जोरात असतं. म्हणजे पेंड खराब असेल तर रॅटची लिव्हर बिघडणार आणि श्रेय चरबीला जाणार. तयार खाद्यात केसीन, स्टार्च, साखर, सेल्युलोज असे शुद्ध घटक असतात. या एका कारणासाठी मी पैसे मोजायला तयार असतो.

पैशाचं म्हणाल तर महाग आहे. साध्या पेलेटचं पोतं येतं त्या पैशात याची लहान पिशवी येते. ऑर्डर दिल्यावरच बनवतात, आगाऊ पैसे मागतात, आणि कॉलेजात तीन कोटेशन, तुलना तक्ता, प्राचार्यांची सही यात दिवस जातात ते वेगळेच. शिवाय त्याच्या जोडीचं कंट्रोल खाद्य, म्हणजे तुलनेच्या गटाला द्यायचं १० टक्के चरबीचं, तेही घ्यावं लागतं. इथं बहुतेक जण काटकसर करतात: एका गटाला निळं खाद्य, कंट्रोल गटाला नेहमीचं पोत्यातलं. ते करू नका. पोत्यातल्या खाद्यात गहू, सोयाबीन, कोंडा, तंतू असतात. दोन गटांत फरक फक्त चरबीचा राहत नाही, सगळ्याचाच होतो. बजेट नसेल तर प्राण्यांचा एखादा गट कमी करा. संस्थेच्या एथिक्स कमिटीलाही ते आवडेल.

आता तक्रार. एकदा माल ऐन मे महिन्यात ट्रान्सपोर्टनं आला. नांदेडचा मे सांगायला नको. खोक्यात बर्फाचे पॅक नव्हते, पिशवीच्या तळाशी तेल सुटलेलं, आणि उघडल्या उघडल्या जुन्या खोबऱ्याचा वास. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसचे मामा तिथंच म्हणाले, "सर, ह्याला जनावर तोंड लावंना, बघा." आणि खरंच, रॅट हुंगून बाजूला जायचे, वजन वाढायच्या ऐवजी उतरायला लागलं. कंपनीला फोटो पाठवले तर 'तुमच्याकडं साठवण नीट नाही' असं उत्तर. पिशवी साठवायच्या आधी उघडलीय हे सांगून-सांगून थकल्यावर थोडा माल बदलून दिला. माल चांगला असताना तो खरंच चांगला असतो, पण विक्रीनंतरची सेवा पाचपैकी दीड. खवट चरबी म्हणजे नुसती चवीची गोष्ट नाही. पेरॉक्साइडं तयार होतात, जीवनसत्त्व ई मरतं, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण, मोजायचा प्रयोग असेल तर मग तुम्ही खाद्याचाच स्ट्रेस मोजत बसता.

म्हणून माल आला की त्याच दिवशी आठवड्याच्या हिशेबानं छोट्या पिशव्या करा, हवा काढून उणे २० ला टाका, लागेल तेवढीच बाहेर काढा. पिंजऱ्यातलं खाद्य आठवड्यातून दोन-तीनदा बदला. पेलेट मऊ असल्यामुळं रॅट ते खाली पाडतात, भुश्श्यात तुडवतात, आणि वजन करताना ते 'खाल्लं' म्हणून धरलं जातं. मामा भुस्सा चाळून चुरा वेगळा काढतात. मी वाचलेल्या पेपरांत ही पद्धत लिहिलेली नाही, पण त्याशिवाय आमचे आकडे जुळत नाहीत.

पाण्यात फ्रुक्टोज घालणार असाल तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. आणि उन्हाळ्यात ते पाणी रोज बदला, आंबतं.

खाऊन होतं काय? वजन महिन्याभरात वेगळं दिसायला लागतं. लिव्हरला वेळ लागतो. १२ ते १६ आठवडे धरून चाला. विस्टर रॅट माउसपेक्षा सावकाश चालतो. माइस घेणार असाल तर सी५७ ब्लॅक सिक्स या जातीचे नर घ्या. त्यातही 'जे' आणि 'एन' असे दोन उपप्रकार आहेत. 'जे'मध्ये मायटोकॉन्ड्रियाचं एक जीन, एनएनटी, तुटलेलं आहे. खाद्याला एक आणि कंट्रोलला दुसरा, असा मिश्र माल पुरवठादार देऊ शकतो, तेव्हा बिलावर उपप्रकार लिहून घ्या.

प्रयोग संपल्यावर पोट उघडलं की नजरेलाच कळतं. चांगली लिव्हर गर्द तांबडी-तपकिरी, कडा धारदार. या रॅटची फिकट, पिवळट, कडा गोलसर, आणि बोटाला तुपकट लागते. (रॅटला पित्ताशय नसतं, ते शोधत बसू नका, दरवर्षी एक जण शोधतोच. माउसला असतं.) तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला की चांगला तुकडा तळाला जातो, चरबी खूप असेल तर तो वर तरंगत राहतो. मी विद्यार्थ्यांना दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखवतो. एसजीपीटीचा आकडा हातात यायच्या आधीच निकाल समोर असतो.

पण चरबी दाखवायची असेल तर तो फॉर्मलिन-पॅराफिनचा तुकडा उपयोगाचा नाही. पॅराफिनच्या वाटेत अल्कोहोल आणि झायलीन लागतं, आणि त्यात चरबी विरघळून जाते. नेहमीच्या एच अँड ई रंगाच्या स्लाइडवर नुसत्या पांढऱ्या पोकळ्या उरतात. चरबीला लाल रंगवणारं ऑइल रेड ओ करायचं तर गोठवलेल्या तुकड्याचे काप लागतात, म्हणजे ते कापणारं यंत्र, क्रायोस्टॅट. तो आपल्या बहुतेक फार्मसी कॉलेजांत नाही. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत ओळख काढा, सकाळी लवकर जा, आणि तुकडा बर्फावर न्या. रंगाचं द्रावण ऐन वेळी गाळा, नाहीतर लाल कण सगळीकडं बसतात आणि परीक्षकाला ती चरबी वाटते.

स्कोअर लावताना २००५ चा क्लायनर यांचा एनएएस वापरतात: चरबीला ० ते ३, दाहाला ० ते ३, पेशी फुगण्याला ० ते २, एकूण ८. फायब्रोसिस म्हणजे व्रणाचा हिशेब वेगळा, ० ते ४. आणि इथंच या खाद्याची मर्यादा उघडी पडते. ६० टक्केवालं खाद्य चरबीला भरघोस मार्क देतं, वजन वाढवतं, इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला दाद देत नाही ती अवस्था) आणतं. दाह थोडाफार. फायब्रोसिस जवळपास नाही. व्रणाला निळा रंग देणाऱ्या मॅसन ट्रायक्रोमच्या स्लाइडवर निळी रेघ शोधून शोधून डोळे दुखतात. पिशवीवर मात्र 'नॅश मॉडेलसाठी' असं छापलेलं असतं. (नॅश म्हणजे दाह असलेलं फॅटी लिव्हर. २०२३ पासून या आजाराला मॅश म्हणतात, पिशव्यांवर अजून जुनंच चालू आहे.) साध्या फॅटी लिव्हरसाठी म्हणून या खाद्याला पाचपैकी चार. नॅशसाठी दोन, तेही उदार मनानं.

फायब्रोसिस हवा असेल तर दुसरं दुकान गाठावं लागतं. मेथिओनीन-कोलीन नसलेलं खाद्य हे जुनं आणि हमखास. कोलीन नसलं की लिव्हरला फॉस्फॅटिडिलकोलीन पुरेसं मिळत नाही, त्याशिवाय चरबी रक्तात वाहून नेणारे व्हीएलडीएल कण बांधता येत नाहीत, आणि चरबी बाहेर निघायची वाटच बंद होते. काही आठवड्यांत चरबी, दाह, व्रण सगळं दिसतं. स्लाइड बघून पॅथॉलॉजिस्ट खूश. पण तो माउस बघा ना: वाळलेला, वजन झपाट्यानं उतरलेलं, इन्सुलिन व्यवस्थित. ओपीडीतल्या फॅटी लिव्हरच्या माणसाचं पोट सुटलेलं असतं, साखर वाढलेली असते. स्लाइड एका आजाराची आणि जनावर दुसऱ्याच आजाराचं. त्यावर तोडगा म्हणून सीडीएएचएफडी नावाचं खाद्य आलं, २०१३ च्या सुमाराला: कोलीन नाही, मेथिओनीन ०.१ टक्का, चरबी ६० टक्के. वजन त्यात तेवढं पडत नाही आणि व्रण लवकर येतो. फायब्रोसिसवरचं औषध तपासायचं असेल तर हे घ्या. 'चयापचय सुधारतं' असा दावा करायचा असेल तर घेऊ नका. अमिनो आम्लं सुटी मोजून घातलेली असतात म्हणून किंमत ऐकून स्टोअरकीपर दोनदा विचारतो.

तिसरा मार्ग मला सगळ्यात परवडणारा वाटतो: चरबी-साखरेचं खाद्य आणि जोडीला कार्बन टेट्राक्लोराइडचा अगदी छोटा डोस. २०१८ मध्ये हे मॉडेल नीट मांडलं गेलं. आठवड्यातून एकदा, वजनाच्या ग्रॅममागं ०.२ मायक्रोलिटर. १२ आठवड्यांत पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस आणि २४ आठवड्यांत गाठी. पण माणूस काही कार्बन टेट्राक्लोराइड पीत नाही, हा आक्षेप व्हायव्हाला येणारच. उत्तर तयार ठेवा: वजन, साखर, चरबी खाद्यातून येते, रसायन फक्त जखमेचा वेग वाढवतं.

आता कॅन्सर. गेल्या काही वर्षांत सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'फॅटी लिव्हर अँड हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा' असं एका ओळीत यायला लागलंय, आणि खाली साहित्याच्या यादीत फक्त हाय-फॅट खाद्य आणि १६ आठवडे. नाही होत हो. नुसत्या या खाद्यावर एम.फार्म.च्या मुदतीत लिव्हर कॅन्सर होत नाही. ब्लॅक सिक्स माउसला कॅन्सर यायला वर्षभर, कधी जास्तही लागतं, आणि तेव्हाही सगळ्यांना येत नाही.

डीईएन, म्हणजे डायइथाइलनायट्रोसअमीन, हे खात्रीचं. पंधरा दिवसांच्या पिल्लाला किलोमागं २५ मिलिग्रॅमचा एकच डोस, मग आठ-दहा महिने वाट बघायची. नरांत बहुतेक सगळ्यांना गाठी येतात, माद्यांत फार कमी, कारण इस्ट्रोजेन आयएल-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला दाबून धरतं. माणसातही लिव्हर कॅन्सर पुरुषांत जास्त, तेवढं साम्य चांगलं आहे. २०१० मध्ये डीईएनच्या जोडीला हाय-फॅट खाद्य देऊन दाखवलं गेलं की लठ्ठपणानं आयएल-६ आणि त्याच्यासारखंच टीएनएफ वाढतात आणि गाठी बळावतात. निळ्या खाद्याची कॅन्सरमधली खरी जागा ही: ठिणगी डीईएनची, तेल खाद्याचं. पण डीईएनच्या गाठी जनुकांच्या पातळीवर माणसासारख्या नसतात. ब्लॅक सिक्समध्ये त्या बहुधा बीआरएएफ या जीनच्या बिघाडावर उभ्या असतात. माणसाच्या लिव्हर कॅन्सरमध्ये टर्टचा प्रमोटर, पी५३, बीटा-कॅटेनिन ही नावं वर असतात. औषध नेमकं एखाद्या रेणूवर काम करतं असा दावा असेल तर हा फरक जिव्हारी लागतो.

रॅटवाले लोक डीईएन २०० मिलिग्रॅम आणि मग पाण्यातून फिनोबार्बिटल असं करतात. १६ आठवड्यांत जे दिसतं ते बहुतेक वेळा बदललेल्या पेशींची बेटं असतात. त्यांना कॅन्सर म्हणू नका, 'प्रीनिओप्लास्टिक', म्हणजे कॅन्सरच्या आधीची, म्हणा. पदवी तेवढ्यावरही मिळते. आणि डीईएन हाताळायची सोय नसेल तर विषयच सोडून द्या. माणसातही कॅन्सर करण्याची शक्यता असलेल्या, आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या २ए गटात ते आहे, डोस दिल्यानंतर मूत्रातून, भुश्श्यातून बाहेर येतं, आणि तो भुस्सा उचलतो कोण? मामा. फ्यूम हूड, दुहेरी ग्लोव्ह, मास्क, भुस्सा वेगळा बांधून जाळायला देण्याची व्यवस्था, हे सगळं लेखी झाल्याशिवाय मी आमच्याकडं बाटली आणू देत नाही. एका पाहुण्या गाइडला याचा राग आला होता. येऊ दे.

स्टॅम नावाचं जपानी मॉडेलही लोक विचारतात: दोन दिवसांच्या नर पिल्लाला इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं थोडं स्ट्रेप्टोझोटोसिन, चार आठवड्यांचं झालं की हाय-फॅट खाद्य, आणि २० आठवड्यांत फॅटी लिव्हरपासून कॅन्सरपर्यंत सगळा प्रवास. वेळापत्रक इतकं सुबक आहे की मोह होतो. फक्त दोन दिवसांच्या पिल्लाला सुई टोचायला हात तयार लागतो, आणि ते जनावर लठ्ठ नसतं. इन्सुलिनच कमी पडलेलं असतं.

पेशींबद्दल थोडक्यात. हेप-जी२ पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून मिळतात, आणि पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या डब्यात फ्लास्क मांडीवर घेऊन आलेली पोरं मी पाहिलीत. स्वस्त, भराभर वाढतात, ऑलिएट आणि पामिटेट ही मेदाम्लं २ ला १ घातली की दिवसभरात चरबीचे थेंब दिसतात. पामिटेट नीट अल्ब्युमिनला बांधलं नाही तर गार झाल्यावर पांढरा साका बसतो, आणि मग पेशी मरतात त्या त्यानंच. या पेशी १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतल्या. ती गाठ आधी साधा लिव्हर कॅन्सर समजली गेली, नंतर हेपॅटोब्लास्टोमा ठरली. त्यांच्यात पीएनपीएलए३ या जीनचा आय१४८एम हा बदल दोन्ही प्रतींत आहे, तोच जो माणसात फॅटी लिव्हरचा धोका वाढवतो. म्हणजे चरबी साठवायला त्या मुळातच राजी. औषधांवर प्रक्रिया करणारी सीवायपी एन्झाइमं मात्र फारच कमी, त्यामुळं लिव्हरमध्ये गेल्यावर सक्रिय होणारं औषध इथं फुसकं ठरेल. आणि व्रण घडवणाऱ्या स्टेलेट पेशी त्यात नाहीतच. 'हेप-जी२ मध्ये फायब्रोसिस कमी झाला' असं वाक्य कुणी लिहिलं तर मी पान दुमडून परत देतो. चाळणी म्हणून उत्तम, पुरावा म्हणून अपुरं.

तुलनेच्या औषधाबद्दलही बोलायला हवं. अजून सगळे सिलिमारिनच ठेवतात. पण सारोग्लिटाझारला भारतात २०२० मध्येच या आजारासाठी मान्यता मिळाली, औषध इथलंच आहे, मिळतंही. अमेरिकेत रेसमेटिरॉमला मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. माझ्या मते सारोग्लिटाझार ठेवा, फक्त एक लक्षात असू द्या: ते पीपीएआर अल्फा या चरबी जाळायला लावणाऱ्या रिसेप्टरला चालना देतं, आणि रॅट-माउसची लिव्हर त्या गटाच्या औषधांनी मोठी होते. चरबी कमी झाली तरी लिव्हरचं वजन वाढलेलं दिसू शकतं. नुसतं लिव्हरचं वजन बघून 'औषध लागू पडलं नाही' असं लिहू नका.

आणखी एक, आपल्या हवेचं. पुस्तकात अ‍ॅनिमल हाऊस २२ अंशाच्या आसपास ठेवा म्हणतात. माउसला ती थंडी असते, त्याला ३० अंश बरे वाटतात. २०१७ मध्ये छापलेल्या कामात ३० अंशांवर ठेवलेल्या माइसमध्ये हाय-फॅट खाद्यानं फॅटी लिव्हर जास्त बळावलं, माद्यांतसुद्धा. हे वाचून आमचे एक सहकारी म्हणाले, "मग एसी बंदच करू, वीजबिल वाचेल." गंमत ठीक, पण ३० अंश स्थिर ठेवणं वेगळं आणि दुपारी लाइट गेल्यावर खोली ३८ ला जाणं वेगळं. उकाड्यात जनावर खाणं सोडतं, आणि मग महागाचं खाद्य पिंजऱ्यात तसंच पडून राहतं. इन्व्हर्टरचं कोटेशन खाद्याच्या कोटेशनसोबतच द्या. एकाच मंजुरीत निघतं.

तर घ्यावं का? साधं फॅटी लिव्हर, लठ्ठपणा, इन्सुलिन रेझिस्टन्स हा विषय असेल आणि किमान १२ आठवडे हातात असतील तर घ्या, कंट्रोल खाद्यासकट. फायब्रोसिससाठी एकट्यावर घेऊ नका. कॅन्सरसाठी तर वर्षभराची मुदत, फ्यूम हूड आणि डीईएनची परवानगी नसेल तर शीर्षकातला तो शब्दच खोडा. ऑर्डर देताना बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि घटकांचा कागद आधी मेलवर मागवा, बर्फाच्या पॅकचं लेखी घ्या, आणि शक्यतो दिवाळीनंतर मागवून फेब्रुवारीच्या आत प्रयोग उरका. हैदराबादच्या बाजूनं येणारा माल रात्रीच्या गाडीनं मागवला तर सकाळी गारच हातात पडतो. दुपारचं ट्रान्सपोर्ट कितीही स्वस्त पडलं तरी नको.

खाद्य: पाचपैकी चार. पॅकिंग: दोन. पिशवीवरचा मजकूर: एक.